उंबऱ्याच्या आतला दिवा

बाबालाल शिकलगार यांच्या सायकलच्या कॅरिअरला एक पत्र्याची पेटी बांधलेली असे. तिच्यात दोन पाने, थोडे वायसर, रबरी नळीचे वेटोळे, साबणाची वडी, पितळेची वाटी आणि दाढीचा एक ब्रश एवढाच ऐवज असे. ज्या गॅस एजन्सीत ते मेकॅनिक होते, तिच्या बहुतेक गिऱ्हाइकांना त्यांचे आडनाव ठाऊक नव्हते. ब्रश मात्र सर्वांना ठाऊक होता. वाटीत साबणाचा फेस करून ते तो ब्रशाने टाकीच्या तोंडाला, रेग्युलेटरला आणि नळीच्या दोन्ही टोकांना फासत, आणि मग उकिडवे बसून त्या फेसाकडे बघत राहत. कुठे गॅस गळत असेल तर तेथे फेसातून फुगा उठे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बायकांना याची मोठी मौज वाटे. "आली बाई टाकीची दाढी करायची येळ," असे एखादी म्हणे. दुसरी म्हणे, "मिशा तेवढ्या ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. पैलवानाच्या गल्लीतली टाकी हाय." बाबालाल हसत नसत. फुगा येतो की नाही हे कळेपर्यंत ते बोलतही नसत.

हा काळ एकोणीसशे सत्तरनंतरचा. गॅससाठी नाव नोंदवून माणसे चार-चार, पाच-पाच वर्षे वाट पाहत, आणि टाकी घरात आली की तिला हळदकुंकू लागत असे. दर दोन वर्षांनी एजन्सीच्या माणसाने घरी जाऊन तपासणी करायची आणि भिंतीवर टांगलेल्या कार्डावर सही करायची, असा नियम होता. कार्डावर सहा रकाने होते. सहाव्यात 'समक्ष तपासले' असे छापलेले असे आणि त्याच्यापुढे सहीसाठी जागा सोडलेली असे. या दोन शब्दांविषयी बाबालाल यांना एक प्रकारचा धाक होता. त्यांचे वडील भाजी मंडईच्या कडेला पोते अंथरून रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करीत. पिन मारून, वायसर बदलून स्टोव्ह तयार झाला, तरी तो गिऱ्हाइकासमोर पेटवून दाखवल्याशिवाय ते हातात देत नसत. पावसात काडी पेटेना म्हणून बाईमाणूस तासभर थांबून राहिल्याचे बाबालाल यांनी लहानपणी पाहिले होते. वडिलांकडून मुलाला जे मिळाले, ते एवढेच.

गॅसची एक गोष्ट त्यांना पुण्याच्या आठ दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवली गेली होती, आणि ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. हा वायू हवेपेक्षा जड असतो. धूर वर जातो; हा खाली उतरतो, जमिनीवर पसरतो आणि वाट मिळाली नाही तर पाण्यासारखा साचतो. प्रशिक्षण देणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी कोळशाच्या खाणीत उमेदवारी केली होती. ते सांगत, की खाणीत हवा बिघडली की कामगाराच्या कंदिलाची ज्योत लांबते आणि तिच्या डोक्यावर फिकट निळी टोपी चढते. टोपी दिसली की माणसे हत्यारे टाकून बाहेर पडतात. बाबालाल यांनी ते वहीत उतरवून घेतले होते. कोल्हापुरात खाण नव्हती. पण कोल्हापुरातल्या जुन्या घरांना उंबरे होते. सागवानी, उंच, एकसंध. स्वयंपाकघराच्या दाराला असा उंबरा असला की ती खोली म्हणजे एक हौदच, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून कोणत्याही घरात शिरण्यापूर्वी ते वाकून उंबऱ्यावर पंजा टेकवून त्याची उंची मोजत. लोकांना वाटे, मिस्त्री उंबऱ्याच्या पाया पडतात.

चिमणाबाईंच्या उंबऱ्याची उंची एक वीत चार बोटे होती.

चिमणाबाई विधवा, साठीच्या पुढच्या. मुलगा हंबीरराव वारणानगरच्या कारखान्यात कारकून होता आणि रविवारी तेवढा घरी येई. घरात त्या आणि सून विठाबाई. स्वयंपाकघर लांबट होते: एका टोकाला मोरी, दुसऱ्या टोकाला जमिनीलगतचे देवघर, मध्ये एक खिडकी. शेगडी ओट्यावर ठेवा, टाकीपेक्षा उंच असू द्या, असे बाबालाल यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

"उभं ऱ्हाऊन सैपाक कराय मी काय हाटेल काढलंय?" चिमणाबाई म्हणाल्या होत्या. "बसल्याबिगर भाकरी थापता येत न्हाय मला."

शेगडी चौरंगावरच राहिली. टाकी तिच्या शेजारी. बाबालाल यांनी तक्रार केली नाही, कारण खिडकी उघडी असे, मोरीचे भोक मोकळे असे, आणि दर खेपेला ते स्वतः फेस लावून पाहत. चिमणाबाईंचा त्यांच्यावर जीव होता. मोहरमात त्या पंजांना नारळ आणि मलिदा देत. दसऱ्याला बाबालाल यांच्या हातावर पहिले सोने त्यांच्या घरचे पडे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या नवरात्रात एजन्सीची साठ-सत्तर कार्डे राहिली होती. दसऱ्यानंतर वरचे साहेब येऊन कार्डे बघणार होते. एजन्सीचे व्यवस्थापक आण्णा दर सकाळी तेच सांगत. "बाबालाल, दसऱ्याच्या आत पुरं कर. मग तुजी दाढी कर, न्हायतर माजी कर. पर साहेबाच्या म्होरं कोरं कार्ड नगं."

दुसऱ्या माळेला, सकाळी अकराच्या सुमारास, बाबालाल चिमणाबाईंच्या दारी आले. सोप्यातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तेथेच थांबले. आत घट बसले होते. काळ्या मातीत पेरलेले धान्य, वर झेंडूची आणि विड्याच्या पानांची माळ, आणि शेजारी पाटावर नऊ दिवस विझू द्यायचा नाही असा दिवा. दिव्याला वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली होती. उंदरांनी घटातले धान्य उकरू नये म्हणून मोरीच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबला होता. या दोन्ही गोष्टी बाबालाल यांनी पाहिल्या. त्या दिवशी मात्र त्यांचे मन दुसऱ्याच विचारात होते: आपण आत जावे की नाही.

कोणी त्यांना अडवले नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. चिमणाबाई काही बोलण्यापूर्वीच ते म्हणाले, "मावशी, मी हितंच बसतो. वैनीस्नी करू दे."

"बरं केलंस लेका," चिमणाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती. "बाकीच्या दिसांत तुजंच घर हाय."

बाबालाल यांनी पेटीतून वाटी आणि ब्रश काढला, तेव्हा चिमणाबाईंनी हात हलवला. "त्यो ब्रश नगं. गावभर फिरतूय त्यो. विठा, आपली वाटी घे."

विठाबाई सोवळ्यात होती. ती बाबालाल यांच्याकडे पाठ करून टाकीजवळ वाकली. बाबालाल उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून सांगत गेले: आधी वरचा खटका, मग नळीचे हे टोक, मग शेगडीकडचे. तिचा हात वाटीत बुडताना आणि नळीवरून फिरताना त्यांना अर्धवट दिसत होता.

"फुगं आलं?"

"न्हाय."

"नीट बगा. बारीक बी आलं न्हाय?"

"न्हाय की, भाऊ."

नळी दोन वर्षांची होती. शेगडीकडच्या टोकाला तिचा रंग गडद दिसत होता. पण तेथे उजेड कमी होता. बाबालाल यांनी विठाबाईकडून कार्ड मागून घेतले, गुडघ्यावर ठेवले आणि सहाव्या रकान्यात सही केली. चिमणाबाईंनी उंबऱ्याच्या आतून शेंगदाण्याचा लाडू त्यांच्या ओंजळीत टाकला. तो त्यांनी सायकल हातात धरून चालता-चालता खाल्ला, आणि गल्लीच्या टोकाला पोहोचल्यावर आपण काहीतरी विसरलो आहोत असे वाटून पेटी उघडून पाहिली. सगळे होते. साबणाची वडी कोरडी होती.

पुढच्या तीन दिवसांत त्यांनी चाळीस घरे केली. पाचव्या माळेच्या दिवशी दुपारी तीनच्या पुढे जेवायला घरी निघाले असता नळावर दोन बायका बोलत होत्या. बोलणे चिमणाबाईंच्या घराविषयी होते.

"मी डोळ्यानं बगितलं. दिवा ह्येवडा उंच. आन वर निळा मुकुट."

"दिव्याला?"

"दिव्याला. सकाळी दार उघडलं की लई मोटा आसतोय. रातभर आई हितंच बसती म्हणं. आज चार वाजता एकवीस दिव्यांची आरती हाय. ये की तू बी."

बाबालाल यांच्या मनात काहीतरी हलले. पण ते काय, हे त्यांना सांगता आले नसते. त्यांनी सायकल ढकलत घर गाठले. बायकोने, खैरुनबीने, ताट वाढले. ती मुरगूडची, तिचे बालपण तेथल्या पाटलांच्या वाड्यामागे गेले होते, आणि बोलण्यात अजून ते गाव होते. ती भाकरी मोडून देत होती, आणि बाबालाल काहीतरी बोलायचे म्हणून दुसऱ्या माळेची हकीकत सांगत होते. आपण आत गेलो नाही, सुनेकडूनच फेस लावून घेतला.

खैरुनबीचा हात थांबला. "सोवळ्यात? साबण लावला तिनं?"

"लावला की."

"ती कशी लावंल? साबणात चरबी आसती म्हणून पाटलीणबाई नवरात्रात मोरीवर बी वडी ठेवू देत न्हवत्या. नऊ दीस भांडी राखंनं घासायच्या." तिने नवऱ्याकडे पाहिले. "तुमी बगितला का फेस?"

बाबालाल यांनी पाहिला नव्हता. त्यांनी वाटी पाहिली होती, सुनेची पाठ पाहिली होती आणि 'न्हाय' हा शब्द ऐकला होता. साध्या पाण्याने पुसलेल्या नळीवर फुगा कोठून येणार? बंद खिडकी, बुजवलेली मोरी, एक वीत चार बोटे उंबरा, पाटावरचा दिवा आणि त्या दिव्यावरचा निळा मुकुट, या सगळ्या वस्तू, ज्या तीन दिवस वेगवेगळ्या होत्या, त्यांच्यासमोर एका खोलीत येऊन बसल्या. खाणीतली टोपी त्यांना आठवली. ते घास न घेता उठले.

चिमणाबाईंच्या सोप्यात पंचवीसेक बायका जमल्या होत्या. तबकात निरांजने मांडली होती. अजून पेटवली नव्हती. एकीच्या हातात काड्याची पेटी होती. स्वयंपाकघराचे दार लोटलेले होते, आणि त्याच्या फटीतून उग्र वास येत होता. पाच दिवसांच्या माळा, कुजलेली पाने, भिजलेली माती, ऊद, कापूर, आणि त्या सर्वांच्या तळाशी आणखी एक.

"या मिस्त्री," एक बाई म्हणाली. "आज देवीची दाढी हाय व्हय?"

बायका हसल्या. बाबालाल काड्याची पेटी धरलेल्या बाईसमोर गेले आणि हात पुढे केला. "ती पेटी द्या माज्याकडं. आन कुणी काय पेटवू नगा."

त्यांचा चेहरा पाहून तिने पेटी दिली. त्यांनी दार हळूच उघडले. चिमणाबाई घटासमोर बसल्या होत्या. दिव्याची ज्योत विलक्षण उंच झाली होती, आणि तिच्याभोवती, तिच्यापेक्षा मोठी, पाण्यासारखी निळी छाया उभी होती. बाबालाल यांनी नकळत उंबऱ्यावर पंजा ठेवला. दिवा पाटावर होता. ज्योत उंबऱ्याच्या कडेपेक्षा किंचितच वर होती.

"मावशी, बाहेर या."

"कशापायी? आई हाय हितं."

"आसंल. पर गॅस बी हाय."

सोप्यातले हसू थांबले. बाबालाल यांनी विठाबाईला विचारले, "वैनी, त्या दिशी वाटीत काय हुतं?"

"पाणी," ती म्हणाली. "साबणाला आत्याबाई शिवू देत न्हाईत नवरात्रात. तुमी फुगं आलं का म्हणून इचारलं. न्हाय आलं."

चिमणाबाईंनी सुनेकडे पाहिले, मग दिव्याकडे, मग बाबालाल यांच्याकडे. त्या काय तोलत होत्या हे कोणाला कळले नाही. "आंघोळ केलीयास?"

"व्हय."

"काय खाऊन आलायस?"

"जेवण टाकून आलोय."

त्यांनी आत ये म्हटले नाही. येऊ नको असेही म्हटले नाही. पदर सावरून त्या थोड्या बाजूला सरकल्या. बाबालाल यांनी उंबरा ओलांडला. प्रथम टाकीचा खटका बंद केला. मग मोरीपाशी जाऊन चिंधीचा बोळा ओढून काढला. नंतर ते खिडकीकडे गेले, आणि कडीवर हात ठेवून थांबले. खिडकी उघडली की वारा येणार, दिवा विझणार. विझला तर ते संकट या घराच्या दृष्टीने गॅसपेक्षा लहान नव्हते. आणि जळत राहिला, तर हवा हलताना त्या ज्योतीपाशी काय येईल, हे पुण्यातल्या त्या गृहस्थांनाही सांगता आले नसते.

"मावशी, दिवा..."

"दिव्याला हात लावायचा न्हाय." चिमणाबाई पुढे सरकल्या आणि दोन्ही तळहात त्यांनी ज्योतीच्या आडोशाला धरले. त्यांचा चेहरा त्या निळ्या छायेपासून हातभर अंतरावर होता.

"त्वांड तरी मागं घ्या."

"तू खिडकी उघड."

त्यांनी ती उघडली. एकदम नाही, बोट-बोट. वारा आला. ज्योत एकदा लवली, चिमणाबाईंच्या तळहाताला टेकली, सरळ झाली. मोरीच्या भोकातून काहीच ऐकू येत नव्हते. या वायूला आवाज नसतो. बाबालाल खिडकीला पाठ लावून दिव्याकडे पाहत राहिले, जसे ते फेसाकडे पाहत. निळी छाया आधी फिकी झाली, मग आखूड झाली. काही वेळाने पाटावर साधा दिवा उरला, करंगळीएवढ्या पिवळ्या ज्योतीचा.

दारातून हे सर्व पाहणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी अगदी हळू म्हणाले, "उतरली."

"त्यो आत गेला आन आई उतरून गेली."

बाबालाल यांनी ते ऐकले. ज्या क्षणी त्यांना घर वाचल्याचा पुरावा मिळाला, त्याच क्षणी दारातल्या पंचवीस जणींना दुसऱ्याच गोष्टीचा पुरावा मिळाला होता, आणि दोन्ही पुरावे एकच होते. नळीचे शेगडीकडचे टोक त्यांनी वाकवून दाखवले. चिरेत नख जात होते. कोणी पाहायला पुढे आले नाही. चिमणाबाई तळहात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. उजव्या तळव्याला काजळीचा काळा डाग पडला होता. तो त्यांनी पुसला नाही, आणि त्या काही बोलल्याही नाहीत. त्या बोलल्या असत्या तर पुढचे कदाचित टळले असते.

बाबालाल यांनी नळी बदलली, टाकी-शेगडी सोप्यात नेऊन फेस लावला, पाहिला. मग कार्ड मागून घेतले. दुसऱ्या माळेच्या सहीवर आडवी रेघ मारून त्यांनी खाली लिहिले: 'समक्ष तपासले नव्हते.' आणि तारीख घातली.

एजन्सीत त्यांच्या आधी बातमी पोहोचली होती. पेठेतली चार वजनदार माणसे आण्णांना भेटून गेली होती. आण्णांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले. "ह्ये साहेबाला दावू मी?"

"हेच दावा."

"बाबालाल, तू शाणा माणूस. घर वाचवलंस ते मला कळतंय. पर वाचलेलं घर कुणाला दिसत न्हाय रं. दिसतंय ते येगळंच." आण्णांनी टेबलाच्या खणातून कोरे कार्ड काढले, सहाही रकाने भरले, आणि जुने कार्ड दोनदा फाडले. दसऱ्यानंतर बाबालाल यांना कळंब्याच्या बाजूच्या गोदामात पाठवण्यात आले. तेथे भरलेल्या आणि रिकाम्या टाक्या वेगळ्या लावण्याचे काम होते. पगार तोच राहिला. ब्रशची पेटी एजन्सीतच ठेवून घेतली गेली, आणि नंतर ती कोणी उघडली असे दिसत नाही.

पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाबालाल पेठेत गेले. कशासाठी, ते त्यांनी खैरुनबीला सांगितले नव्हते. वर्षभर त्या गल्लीत त्यांना 'दिवा उतरवणारा' म्हणत. समोर नाही, पाठीमागे, पण ऐकू जाईल असे. चिमणाबाईंच्या दाराशी ते थांबले. घर सारवलेले होते. विठाबाई परडीत माती चाळत होती.

"भाऊ," ती म्हणाली, आणि तिने आत पाहिले.

चिमणाबाई बाहेर आल्या. वर्षभरात त्या वाकल्या होत्या. दोघेही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत उभे राहिले. उंबऱ्याच्या मधोमध, पार जमिनीपर्यंत, चार बोटे रुंद खाच कापलेली होती. लाकूड आतून अजून पिवळे होते.

"पाणी तुंबत हुतं," चिमणाबाई म्हणाल्या.

"व्हय, मावशी."

"सुतार तयार हुईना. उंबरा कापायचा म्हटल्यावर हात लावंना. मी म्हटलं, माजं घर हाय, जमिनीपातूर काप."

बाबालाल यांनी भिंतीवरचे कार्ड पाहिले. दोन वर्षांनी होणारी तपासणी आता दर वर्षी दाखवली जात होती. चालू महिन्याची तारीख होती, सही त्यांना अनोळखी होती, आणि सहाव्या रकान्यात स्वच्छ अक्षरात खूण होती.

"कोण आलतं तपासाय?"

"कोण न्हाय," विठाबाई म्हणाली. "टाकी टाकणाऱ्यानं कार्ड न्हेलं, आन दुसऱ्या टाकीसंगं आणून दिलं. गल्लीतल्या समद्यांचंच."

बाबालाल यांनी वाकून खाचेत चार बोटे घालून पाहिली, बरोबर बसली. मग ते उठले आणि रस्त्यावर आले. उन्हे कलली होती. गल्लीत त्या बाजूला अकरा घरे होती, आणि अकराही घरांत उद्याच्या घटाची तयारी चालली होती. कोठे मोरीत बोळा ठोकल्याचा आवाज येत होता, कोठे खिडकीच्या फटीत कापड भरले जात होते. बाबालाल शेजारच्या दारापाशी गेले. आत कोणीतरी पाट ओढत होते. ते खाली वाकले आणि त्यांनी उंबऱ्यावर पंजा टेकवला. एक वीत पाच बोटे. उंबरा अखंड होता.

"कोण हाय दारात?" आतून विचारणा झाली.

त्यांनी नाव सांगितले. आतला पाट ओढण्याचा आवाज थांबला, आणि दार आतून हळूहळू बंद केले जाऊ लागले.